तीन येढे जायफळ

लीलाबाईंनी पत्र धाडलं, ह्याबद्दल बनुबाईची तक्रार नव्हती. विहिणीनं विहिणीला पत्र लिहावं. दोन शब्द टोचून लिहायचे असतील तर तेही लिहावेत. लेक दिलेल्या घराचं तेवढं ऐकून घ्यावंच लागतं. तक्रार होती ती उघड्या कार्डाची.

"सांगलीसारख्या शहरात ऱ्हात्यात. बटन दाबलं की उजेड, तोटी फिरवली की पाणी. आन् पाकीट तेवढं घावलं न्हाई," असं बनुबाईनं एका सकाळीत सात जणांना सांगितलं. त्यातल्या दोघांना ते ऐकायचं नव्हतं, तरी सांगितलं.

तिचं गाव मेढ्याच्या वर दोन कोसांवर, डोंगराच्या पोटात. टपाल ज्ञानू आणायचा. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं, म्हणून गावानं आपली एक रीत पाडली होती. पाकीट आलं तर ज्ञानूनं घरी जायचं, दार लोटून घ्यायचं आणि हळू आवाजात वाचायचं. कार्ड आलं तर चावडीपुढं उभं राहून मोठ्यानं. कार्ड म्हणजे सगळ्यांचं. ज्याला लपवायचं आहे तो पाकीट घेईल, हा त्यामागचा विचार, आणि तो कुणाला चुकीचा वाटत नव्हता. बनुबाईलाही आजवर वाटला नव्हता. बनुबाई स्वतः शाळेत दोन वर्षं जाऊन आली होती. त्यातलं एक वर्ष धाकट्या भावाला पोचवण्यात गेलं.

तर मंगळवारी ज्ञानूनं चष्मा पुसला आणि वाचलं. "चि. उज्ज्वला चार दिवस झाले नुसती झोपून आहे. अंगावर पीत नाही. डॉक्टरांनी तुमच्या गुटीला नाव ठेवले. ती बंद केली आहे. यापुढे तुमच्याकडच्या मुळ्या आमच्या घरात नकोत. लोभ असावा."

म्हातारा हरिबा म्हणाला, "लोभ असावा म्हणलंय, म्हंजी लय काय बिघाडल्यालं न्हाई."

"हरिबा," बनुबाई म्हणाली, "तुमच्या चार नातवंडांच्या तोंडात गुटी कुणी घातली?"

"तुमीच की."

"त्यातलं कोण झोपलंय?"

"एक बी झोपत न्हाई," हरिबा म्हणाला. "त्योच तर ताप हाय."

तिच्या गुटीशिवाय वाढलेलं पोर गावात नव्हतं. वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, मुरडशेंग, बदाम, खारीक, जायफळ. आईच्या दुधात सहाणेवर एकेक उगाळायचं आणि बोटानं चाटवायचं. किती उगाळायचं ते येढ्यांवर. सहाणेवर एक गोल फिरवलं की एक येढा. हिरड्याचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचे तीन, तेही पोर तीन महिन्यांचं झाल्यावर. बायका सकाळी पोर काखेला मारून तिच्या ओट्यावर यायच्या आणि बनुबाई आपल्या हातानं उगाळायची. सहाण तिच्या सासूच्या सासूची. मध्ये खोलगट झालेली, गुळगुळीत. चाळीस वर्षं बनुबाईनं ती धुऊन, पुसून देवळीत ठेवली होती आणि दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नव्हता. सुनेलाही नाही.

लांब नांदायला जाणाऱ्या पोरींना ती गुटीची पिशवी द्यायची. प्रत्येक मुळीला दोरा, आणि जितके येढे तितक्या दोऱ्याला गाठी. वाचता येवो न येवो, गाठी मोजता येतात. रंगू, तिची लेक, बाळंतपण उरकून सांगलीला निघाली तेव्हा तिलाही अशीच पिशवी दिली. रंगू उंबऱ्यात घुटमळली होती.

"आये, सहाण बी दे की. घरचीच हाय म्हणून म्हणते."

"सहाण घरातनं जात न्हाई. दगड कुठं बी मिळतोय," बनुबाई म्हणाली होती.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती निघाली. सहाण जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून मांडीवर घेतली. सांगलीत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उगाळायचं, आधी आपल्या जिभेवर ठेवायचं आणि मग विचारायचं, आता बोला. साताऱ्याला गाडी बदलली, कऱ्हाडला बदलली. कऱ्हाडच्या कंडक्टरनं मांडीवरचं गाठोडं बघितलं.

"आजी, काय हाय त्यात?"

"दगड."

"दगडाला तिकीट न्हाई," कंडक्टर म्हणाला आणि पुढं गेला.

जावई बाळासो हळदीच्या पेठेत तोलाईचं काम करायचा. त्याच्या घरात शिरलं की हळदीचा वास यायचा. कपड्यांना, उशांना, चहालासुद्धा. लीलाबाई, म्हणजे बाळासोची आई, दारातच उभ्या होत्या.

"या. पत्र मिळालं वाटतं."

"मला मिळालं, गावाला मिळालं," बनुबाई म्हणाली. "मेढ्याच्या बाजारात बी कळलं आसंल आतापत्तर."

लीलाबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं.

उज्जी पाळण्यात होती. पाच महिन्यांची पोर. सांगलीला निघाली तेव्हा गालांनी डोळे झाकले जायचे. आता गाल उतरले होते. बनुबाईनं तिला उचललं तर मान लुळी पडली, ओठ कोरडे. तिनं कानाशी चुटकी वाजवली. पोरीनं भुवई हलवली, तेवढंच.

बनुबाईनं गाठोडं सोडलंच नाही. म्हणाली, "डॉक्टर कुठं बसतोय?"

डॉक्टर तरुण होता आणि फक्त लहान पोरांचा होता. मोठी माणसं आजारी पडली तर हा काय करत असेल, असं बनुबाईच्या मनात येऊन गेलं. त्यानं उज्जीच्या तळपायाला टिचकी मारली. तिनं पाय आखडला, डोळे अर्धे उघडले आणि मिटले.

"गुटी देणाऱ्या आजी ह्याच का?" त्यानं विचारलं. "जायफळ असतं ना त्यात?"

"आसतंय."

"किती?"

"तीन येढे."

"म्हणजे किती?"

"तीन म्हंजी तीन. तुमाला शाळंत शिकवलं आसंल."

डॉक्टरनं ते सोडून दिलं. लीलाबाईंकडं वळून विचारलं, "बंद करून किती दिवस झाले?"

"तुम्ही सांगितलं त्याच दिवशी बंद केलं. पाच झाले."

रंगू भिंतीकडं बघायला लागली. बनुबाईला ते दिसलं.

"पाच दिवसांत उतार पडायला हवा होता," डॉक्टर म्हणाला. "म्हणजे हे गुटीचं नाही. दुसरं काही असेल. मेंदूचा ताप असू शकतो. उद्या सकाळपर्यंत अशीच राहिली तर मिरजेला हलवू. तिथं पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढतील आणि तपासतील."

हे गुटीचं नाही. मेढ्यापासून बनुबाई हेच ऐकायला आली होती. ते एका शिकलेल्या माणसानं, विहिणीच्या समोर, न विचारता सांगितलं. आणि तिला बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर दिवेलागणीला लीलाबाई देवापुढं बसल्या आणि बनुबाई सैपाकघरात गेली. रंगू चुलीपाशी होती.

"गुटीची पिशवी काढ."

रंगूनं डाळीच्या डब्यामागून पिशवी काढली. बंद केलेली पिशवी डाळीच्या डब्यामागं कशाला लागते, हे बनुबाईनं तेव्हा विचारलं नाही. एकेक मुळी हातात घेऊन बघितली. दोरे जागेवर, गाठी जागेवर. जायफळाला तीनच गाठी. पण जायफळ निम्मं होतं.

बनुबाईच्या हाताखाली एका जायफळात तीन पोरं वर्षाची व्हायची. हे जायफळ देऊन दोन महिने झाले होते.

देवापासून उठून लीलाबाई दारात आल्या, तेव्हा बनुबाईनं तो तुकडा त्यांच्यापुढं धरला.

"विहीणबाई, पुरणात घातलं का?"

"काय?"

"जायफळ. सणावाराला हाताशी व्हतं म्हणून किसलं आसंल. मी काय म्हणत न्हाई. पर सांगा."

"मी पुरणात वेलदोडा घालते," लीलाबाई ताठ होऊन म्हणाल्या. "आणि तुमच्या मुळ्यांना मी शिवतसुद्धा नाही. पाच दिवस त्या पिशवीकडं कुणी बघितलं नाही."

त्या गेल्यावर बनुबाईनं रंगूकडं बघितलं. रंगूनं आणखी थोडा वेळ लाकडं सारली.

"देत हुते," ती म्हणाली. "डॉक्टरनं बंद कर म्हणलं तरी देत हुते. सकाळी, आत्याबाई आंघुळीला गेल्या की. म्हणलं आयेची गुटी हाय, तिनं कधी वाईट हुत न्हाई. पोर पीत न्हाई म्हंजी पोट जड हाय, आन् पोट जड आसलं की गुटी, आसं तूच म्हणतीस. मग दुपारनं बी द्याय लागले."

"किती येढे?"

"गाठी मोजून. मी कशाला चुकतीया?"

"उगाळून दाव. जायफळ. रोज उगाळतीस तसं."

रंगूनं फळीवरून सहाण काढली. बाळासोनं आणलेली. वडाराकडून नवी, टाकी मारलेली, हाताला टोचणारी. दोन थेंब पाणी घातलं आणि रंगूनं तीन येढे दिले. हात बरोबर होता. जोर बरोबर होता. लहानपणापासून बघून शिकलेला हात, त्यात बनुबाईला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग बनुबाईनं गाठोडं सोडलं. आपली सहाण त्या सहाणेच्या शेजारी ठेवली, दोन थेंब पाणी घातलं, तेच जायफळ घेतलं आणि तीन येढे दिले.

तिच्या सहाणेवर पाणी नुसतं मातकट झालं होतं. रंगूच्या सहाणेवर लगदा होता. बोटावर घेतला तर बोट तिरपं केलं तरी सांडेना.

दोघी बघत राहिल्या. चुलीवरचं पाणी उकळून सांडलं, तरी कुणी काढलं नाही.

"आये," रंगू म्हणाली, "माझं चुकलं का?"

बनुबाईनं बोट पुसलं. इथं तिला एक वाट मोकळी होती, आणि ती वाट तिला चांगली दिसत होती. पोरगी येढे मोजायला चुकली, म्हणायचं. तरणी पोर, पहिलटकरीण, बंद कर म्हटलेलं चोरून देणारी. कुणीही खरं मानलं असतं. रंगूनंसुद्धा मानलं असतं. किंवा काहीच बोलायचं नाही, उद्यापासून गुटी बंद करायची. डॉक्टरनं स्वतःच सांगितलंय की गुटीचं नाही. पोर हळूहळू उठेलच. फक्त सकाळी तिला मिरजेला नेतील आणि नको असताना तिच्या मणक्यात सुई घालतील.

"तुझं चोरून देणं चुकलं," बनुबाई म्हणाली. "त्याचं मी बघीन मागनं. येढं न्हाई चुकलं. मी येढं दिलं आन् दगड दिला न्हाई. पोरीला घे. दवाखाना बंद व्हायच्या आत जायचं हाय."

लीलाबाई बाहेरच्या खोलीत होत्या. "आता कुठं?"

"चला तुमी बी. तुमाला ऐकायला आवडंल."

डॉक्टर शेवटचा पेशंट तपासून हात धूत होता. बनुबाईनं त्याच्या टेबलावर, कागद बाजूला सारून, दोन्ही सहाणा मांडल्या. लगदा अजून ओला होता.

"ह्ये तीन येढे," ती म्हणाली, "आन् ह्ये बी तीन येढे. पोरीला ह्ये दुसरं गेलंय. दोन महिने. तुमी बंद केल्यावर बी गेलंय, आज सकाळपत्तर, दिसातनं दोनदा. येढं म्या सांगितल्यालं. दगडाचं सांगायचं ऱ्हायलं. सुई घालू नगा."

लीलाबाईंनी सुनेकडं बघितलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण डॉक्टरनं हात वर केला. त्यानं आधी एका सहाणेवर अंगठा फिरवला, मग दुसरीवर. मग पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी मोजली, बराच वेळ मोजली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"आधी ठावं नव्हतं. घरी जाऊन कळलं, मग आले. चहा बी घेतला न्हाई."

"उद्या दुपारपर्यंत पोरगी इथंच राहील," तो म्हणाला. "आईचं दूध काढून चमच्यानं घालायचं, थोडं थोडं. मी बघत राहीन. उठली तर उठली, नाही तर मिरज आहेच. आणि आजी, एक सांगू?"

"सांगा."

"तुमच्या जुन्या दगडावरच्या तीन वेढ्यांत किती जायफळ उतरतं, ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. चाळीस वर्षं चाललं म्हणून चाललं. अंगावर पिणाऱ्या पोराला जायफळ देऊ नका."

बनुबाईनं दोन्ही सहाणा टेबलावरून उतरवल्या. म्हणाली, "चमचा लहान घ्या. मोठ्या चमच्यानं पोरगी ठसकंल." डॉक्टरनं लहान चमचा मागवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्जीनं चमचा जिभेनं बाहेर ढकलला. दहाच्या सुमाराला आईकडं तोंड वळवलं. बारा वाजता तिनं रडायला सुरुवात केली आणि तासभर रडली, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. घरातल्या तिन्ही बायका खाटेभोवती उभ्या होत्या. तिला गप्प करायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी नर्स येऊन म्हणाली, "अहो, पाजा की तिला."

घरी आल्यावर बनुबाईनं गुटीची पिशवी आपल्या गाठोड्यात घातली. रंगू बघत होती.

"आये, आता तरी सहाण ठिवून जा."

"न्हाई. सहाण बी न्हाई, गुटी बी न्हाई. तुज्या गावात डॉक्टर हाय. त्येला इचार." मग ती ओट्यावर बसली आणि बोटांवर मोजायला लागली. हरिबाची धाकटी लेक, कोयनानगरला दिलेली, तिचं पोर चार महिन्यांचं. पाचगणीच्या शाळेत सैपाकाला असते ती आक्काताई, तिचं सहा महिन्यांचं. कुडाळची एक, मेढ्याची एक. सगळ्यांना पिशव्या दिलेल्या, गाठी मारलेल्या. एकीलाही दगड दिलेला नाही. दगड कुठं बी मिळतोय, असं प्रत्येकीला सांगितलेलं.

"जावईबापू," ती बाळासोला म्हणाली, "येक कार्ड आणा."

बाळासो समजूतदार होता. तो निळं आंतरदेशीय घेऊन आला, चिकटवायचं. "हे बरं, मामी. आतलं कुणाला दिसत नाही."

"कार्ड म्हणलं म्या."

बाळासो परत गेला आणि कार्ड घेऊन आला. रंगू सातवी झालेली, तिनं लिहायला घेतलं. बनुबाईनं भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगितलं.

"सगळ्यांना बनुबाईचा नमस्कार. उज्जी उठली. तिला माझ्याच गुटीनं झोप आणली व्हती. लिव. नव्या टाकीच्या सहाणंवर जायफळ चौपट, पाचपट उतरतंय. म्या गाठी दिल्या, सहाण दिली न्हाई. चूक माझी हाय."

रंगूचा हात थांबला.

"लिव. चूक माझी हाय. हरिबाच्या लेकीनं, आक्काताईनं, आन् त्या दोघींनी, नावं लिव त्यांची, जायफळ आजपास्नं बंद करावं. पोर लय झोपत आसंल तर डॉक्टरला दावावं आन् गुटी दिल्यालं लपवू नये. हरिबानं आजच्या आज कोयनेला माणूस धाडावं. ज्ञानूनं ह्ये दोन येळा वाचावं."

"दोन वेळा?"

"पयल्या येळंला लोक नुसतं चूक कुणाची ती ऐकत्यात. जायफळाचं दुसऱ्या येळंला ऐकतील."

रंगूनं पत्ता घातला. जागा संपली म्हणून ज्ञानूचं नाव कडेला उभं लिहावं लागलं. लीलाबाई मघापासून दारात उभ्या होत्या. सुनेला चार शब्द सुनवायचे त्यांनी अजून शिल्लक ठेवले होते, पण आता त्यांची नजर त्या कार्डावर होती.

"अहो विहीणबाई," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "पाकिटात तरी घाला. उघडं कार्ड सगळं गाव वाचेल. तुम्ही पोचायच्या आधी पोचेल ते."

"पोचाय पायजे."

"चूक माझी आहे, असं लिहिलंय त्यात."

"व्हय. म्या सांगितलंय." बनुबाईनं कार्ड घेतलं, शाई वाळली का बघितली आणि बाळासोच्या हातात दिलं. मग सहाण धडप्यात बांधली, गाठ मारली आणि गाठोडं काखेत घेऊन उठली.

"विहीणबाई, तुमी लिवलं त्ये खरं व्हतं, त्यात माझं काय म्हणणं न्हाई. सुनंला बोलायचं आसंल तर बोला, तिनं चोरून दिलंय. पर चूक माझी व्हती, तवा उघड्या कार्डावर ती म्या लिवायची. तुमाला लिवायची आसली तर पाकिटात घालायची."